गाव एक, रस्ते चार: निफाड तालुक्यातल्या एका गावात वस्तीच्या रस्त्यांचं मानक ठरवताना

गावातल्या काँक्रीट रस्त्याचं अंदाजपत्रक बहुतेक वेळा गल्ली बघण्याआधीच तयार असतं. रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटीमीटर, लांबी मंजूर निधीत बसेल तेवढी. वेशीतला रस्ता असो, देवळामागचा बोळ असो की मळ्यात जाणारा शिवाररस्ता, कागद तोच. बदलतं ते फक्त कामाचं नाव: ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत रस्ता काँक्रिटीकरण करणे’.

इथे मांडलेलं प्रकरण कादवाकाठच्या एका गावाचं आहे. गाव प्रातिनिधिक आहे, म्हणून नाव दिलेलं नाही. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या पुष्कळ गावांची ठेवण थोड्याफार फरकानं अशीच सापडेल. मधोमध गावठाण, त्यात दगडमातीच्या भिंतींची जुनी घरं. जिल्हा मार्गाला लागून अलीकडे पडलेले प्लॉट. आणि शिवारात विखुरलेल्या मळ्यांतल्या वस्त्या, जिथे आता गावठाणाइतकीच माणसं राहतात.

तक्रारी चार प्रकारच्या. गावठाणात पावसाचं पाणी उंबऱ्याच्या आत येतं. मळ्याच्या रस्त्याला दुसऱ्याच उन्हाळ्यात कडेनं लांबच लांब उभी भेग पडते. नळजोडणीसाठी नवा रस्ता फोडला जातो आणि चारी बुजवलेली जागा खचते. वळणावर ट्रॉली ओट्याला घासते. चारही ठिकाणी काँक्रीट १५ सेंटीमीटरच होतं, आणि ते १८ केलं असतं तरी एकही तक्रार टळली नसती.

इंडियन रोड्स काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांची पुस्तिका (आयआरसी:एसपी:२०) प्रामुख्यानं गावाला गाव जोडणाऱ्या रस्त्यांचा विचार करते. कमी वर्दळीच्या काँक्रीट रस्त्यांसाठी आयआरसी:एसपी:६२ आहे, फरसबंदी ब्लॉकसाठी एसपी:६३. ही सगळी कामाची आहेत, पण अडीच मीटरच्या बोळात गटार कुठे काढायची, हे त्यात सापडत नाही. ते गावानंच ठरवायचं असतं. मात्र एक हद्द पाळावी: ग्रामसभेनं रस्त्याचा वर्ग, जागा, पातळी आणि पाण्याची दिशा ठरवावी. जाडी आणि काँक्रीटची प्रत अभियंत्यानं ठरवावी आणि ती दरसूचीतल्या (सरकारी दरांच्या यादीतल्या) बाबींतून उचलावी, नाहीतर तांत्रिक मान्यतेलाच अडतं.

काळी आणि पांढरी

गावठाण ज्या जमिनीवर बसलं आहे आणि मळे ज्या जमिनीवर आहेत, त्या दोन जमिनींचे स्वभाव उलटे आहेत.

शिवारातली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. ओली असताना तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचं माप, २-३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्यात इथली शेती बागायती. रस्त्याच्या एका अंगाला ठिबकवरची द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला कांदा काढून मोकळं पडलेलं रान. एक कड वर्षभर ओलसर, दुसरी मार्च-एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेगाळलेली. काँक्रीटची कोरड्या बाजूची कड आधाराविना लोंबते आणि कडेपासून दोन-अडीच फुटांवर उभी भेग पडते. ठेकेदार सिमेंटला दोष देतो, गाव ठेकेदाराला. दोष खालच्या मातीचा आणि कडेला मुरमाची साईडपट्टी न दिल्याचा असतो.

गावठाण पांढरीवर वसलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती, शेणमाती असा भुसभुशीत भराव. ही माती फुगत नाही. पण गळक्या नळाचं पाणी तिच्यात मुरलं की ती बसते, पोकळी होते आणि वरचं काँक्रीट पुलासारखं अधांतरी राहतं. मग एक दिवस कांद्याची भरलेली ट्रॉली जाते आणि तुकडा खाली बसतो.

म्हणून पहिलं काम खड्डे घेण्याचं. प्रत्येक गल्लीत दोन, मळ्याच्या रस्त्यावर दर २०० मीटरला एक, एक मीटर खोल. गावठाणातल्या खड्ड्यात बहुधा जुन्या रस्त्यांचे थर एकावर एक दिसतात: दगडी फरसबंदी, त्यावर कोबा, त्यावर काँक्रीट, त्यावर पुन्हा काँक्रीट. ते मोजून लिहून ठेवावेत. पुढे पातळीच्या वादात उपयोगी पडतात.

आधी जागा

गावठाणात स्वामित्व योजनेचं ड्रोन मोजमाप झालं असेल तर मिळकत पत्रिकांच्या हद्दींवरून गल्लीची रुंदी निघते. नसेल तर टेप धरून दर १० मीटरला भिंत ते भिंत आणि ओटा ते ओटा अशी दोन मापं घ्यावीत. दोन्ही मापांतला फरक हाच पुढचा खरा वाद. ग्रामपंचायतीकडे नमुना २३, म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते. त्यात रुंदी पुष्कळदा फुटांत आणि अंदाजानं लिहिलेली सापडते. शिवारातल्या रस्त्यांसाठी गाव नकाशा काढावा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पाऊलवाट. पाऊलवाटेवर ३.७५ मीटरचं अंदाजपत्रक धरलं की काम पहिल्या बांधावरच अडतं.

ओट्यांच्या बाबतीत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५३ पंचायतीला अतिक्रमण काढायचा अधिकार देतं. पण सरसकट ओटे तोडायला निघालेली पंचायत तो रस्ता पाच वर्षांत करत नाही. इथे निवडलेला मार्ग असा: भिंतीपासून ४५ सेंटीमीटरपर्यंतची पायरी चालेल, पण ती गटारीवर उभी राहणार नाही. गटार ओलांडायला पक्का ढापा न बांधता उचलता येणारी लोखंडी जाळी टाकायची. मोटारसायकल चढवायला काँक्रीटचा उतार करणं पूर्ण बंद, कारण गल्लीतलं पाणी अडतं ते मुख्यतः या उतारांपाशी. नियम सगळ्यांना एकच. सरपंचांच्या दारापासून सुरुवात झाली तर बाकीचं सोपं जातं.

वळणांचा निकाल कागदावर लागत नाही. रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर प्रत्यक्ष फिरवायचा आणि मागच्या आतल्या चाकाच्या मागावर फक्की टाकायची. ३ मीटरच्या दोन गल्ल्या काटकोनात मिळतात तिथे ट्रॉलीचं आतलं चाक कोपरा कापतं. दोन्ही भिंतींवर कोपऱ्यापासून दीड-दीड मीटर धरून कोपरा तिरका सोडला तर पिकअप आणि एक ट्रॉली निघते. उसाच्या दोन ट्रॉल्या निघत नाहीत. तेव्हा उसाची वाहतूक गावठाणातून न्यायचीच नाही, हाही मानकाचाच भाग. मोटार वाहन नियमांत वाहनाची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर आहे. दोन्ही बाजूंना हातभर जागा धरली तर ३.५ मीटरखालच्या गल्लीत ट्रकला बोलावण्यात अर्थ नाही. मात्र १०८ ची रुग्णवाहिका शेवटच्या घरापासून ५० मीटरच्या आत उभी राहिली पाहिजे आणि तिला उलटं न जाता वळता आलं पाहिजे. त्यासाठी नवं काही बांधावं लागत नाही. पाराजवळची किंवा बाजारतळाची मोकळी जागा नकाशावर ‘वळणाची जागा’ म्हणून लिहून ठेवायची आणि तिथे हायमास्टचा चौथरा किंवा कमान उभी करू द्यायची नाही.

पातळी आणि पाणी

घरात पाणी शिरण्याचं कारण थरावर थर. जुन्या घराचं जोतं दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर. दर कामाला रस्ता १० ते १५ सेंटीमीटरनं चढतो. तीन-चार कामांत उंबरा आणि रस्ता एका रेषेत. नव्या घरवाल्यानं तोवर जोतं तीन फूट घेतलेलं असतं. भरडला जातो तो जुना घरवाला.

उपाय एकच आणि कटकटीचा: जुनं काँक्रीट खरवडून उचलायचं, वर चढवायचं नाही. मारुती मंदिराच्या दगडी पायरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या जोत्यावर छिन्नीनं खूण करून तिला १००.००० ही पातळी द्यायची. प्रत्येक गल्लीतल्या सर्वांत खालच्या जोत्याची पातळी लेव्हल यंत्रानं घ्यायची. रस्त्याचा माथा त्याच्या किमान १५ सेंटीमीटर खाली राहील, जमलं तर ३०. ही पातळी नमुना २३ च्या शेऱ्यात लिहायची, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या ठेकेदारालाही ती बांधील राहते.

आता गटार. १०० मीटरच्या गल्लीला दोन्ही बाजूंच्या छपरांसह साधारण २,५०० चौरस मीटरचं पाणी येतं असं धरा. पाऊस तासाला ५० मिलिमीटर, त्यातलं ८० टक्के वाहून येणार. सेकंदाला सुमारे २८ लिटर. ३० सेंटीमीटर रुंद गटारीत २५ सेंटीमीटर पाणी आणि उतार २०० ला १ असेल तर ती सेकंदाला ७० लिटरच्या वर वाहून नेते. भरपूर वाटतं. पण तीच गटार निम्मी गाळानं भरली की जेमतेम २९ लिटर उरते. म्हणजे कागदावरची अडीचपट क्षमता ही चैन नाही, ती गाळासाठी सोडलेली जागा आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर भागात तासाला १०० मिलिमीटर धरून हिशेब केला तर पाणी ५६ लिटर होतं आणि ही गटार फक्त साफ असेल तोवरच पुरते. निफाडचं माप तिकडे उचलून नेऊ नये ते यामुळेच.

रस्त्याला आडवा ढाळ २ ते २.५ टक्के. अरुंद गल्लीत मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार ही पद्धत सोडावी. पूर्ण ढाळ एका अंगाला, गटारही एकच. ३ मीटर रुंदीला अडीच टक्क्यांनी साडेसात सेंटीमीटरचा फरक पडतो, तो चालताना जाणवत नाही.

इथे निधीचा एक घोळ होतो. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित (ठरावीक कामांसाठीच असलेला) भाग पाणी-स्वच्छतेसाठी, म्हणून सांडपाण्याची गटार त्यातून. रस्ता अबंधित भागातून. दोन अंदाजपत्रकं, दोन ठेकेदार, दोन वेगळी वर्षं. गटार आधी झाली तर तिची कड रस्त्यापेक्षा वर राहते, रस्ता आधी झाला तर गटारीसाठी त्याची कड फोडली जाते. निधी वेगळा असू द्या. पातळीचा आराखडा एकच असावा आणि दोन्ही अंदाजपत्रकांना जोडावा.

चार वर्ग

पहिला वर्ग मुख्य गल्ली: वेस ते चावडी आणि बाजारतळ, उपलब्ध रुंदी ५ मीटरच्या वर. इथे ट्रॅक्टर, पिकअप, आयशर सगळं चालतं. काँक्रीट, एम ३० प्रतीचं (आकडा मोठा तितकी ताकद जास्त). गावच्या कामांत एम २० सर्रास दिसतं. एसपी:६२ किमान एम ३० सांगते, आणि हा फरक सिमेंटच्या पोत्यांपेक्षा पाण्याच्या बादलीत जास्त आहे, ते पुढे येईलच.

दुसरा वर्ग राहती गल्ली, ३ ते ५ मीटर. जलवाहिनी अजून टाकायची असेल किंवा जुनी गळकी असेल तर इथे काँक्रीट करूच नये. फरसबंदी ब्लॉक घ्यावेत, कारण ते उचलून परत बसवता येतात. ब्लॉकची बदनामी झाली आहे ती चुकीच्या वापरामुळे. ब्लॉकसाठीच्या भारतीय मानकात (आयएस १५६५८) हलक्या वाहतुकीला एम ३५ चा ६० मिलिमीटर ब्लॉक आहे, मध्यम वाहतुकीला एम ४० चा ८० मिलिमीटर. ट्रॉली जाणाऱ्या गल्लीत ८० च घ्यावा. खाली दाबलेली खडी-मुरमाची बैठक आणि त्यावर ३० मिलिमीटर वाळू. उंचसखलपणा लपवायला जिथे १० सेंटीमीटर डस्ट (क्रशरचा दगडी चुरा) ओततात, तिथे पहिल्या पावसानंतर चाकोऱ्या पडतात. दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब (कडेचा दगड) पक्का पुरलेला हवा, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात.

तिसरा वर्ग बोळ, ३ मीटरच्या आत. इथे चारचाकी नाही. ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो आणि गटार कडेला न घेता मध्ये उथळ पन्हळीसारखी काढावी, म्हणजे पाणी भिंतींच्या पायापासून लांब राहतं. खोदताना सावधगिरी याच वर्गात सर्वांत जास्त लागते. मातीत बांधलेल्या भिंतींचा पाया काही ठिकाणी दोन फूटसुद्धा नसतो. जेसीबी आत घालू नये. भिंतीलगत ३० सेंटीमीटर पट्टा न उकरता सोडायचा आणि एका वेळी दहा मीटरच उघडायचं. अख्खा बोळ एकदम उकरला आणि रात्री वळीव आला, की भिंत गेली.

चौथा वर्ग मळ्याचा रस्ता. रुंदी ३ मीटर, जागा असेल तिथे ३.७५. दोन्हीकडे मुरमाची साईडपट्टी निदान ७५ सेंटीमीटर, आणि २०० मीटरच्या आत, समोरचं वाहन नजरेत असताना थांबता येईल अशी बाजू देण्याची जागा. द्राक्षबागेच्या मंडपाचे ताण (आधाराच्या तारा) बांधाबाहेर आलेले असतात, ते आखणीच्या दिवशीच मालकासमोर मोजावेत. काळ्या मातीत ३० सेंटीमीटर उकरून मुरूम १५-१५ सेंटीमीटरच्या दोन थरांत, पाणी मारून, रोलरनं. त्यावर १० सेंटीमीटर खडीमिश्रित उपस्तर, मग काँक्रीट. १०० मीटर लांबी आणि ३ मीटर रुंदीला हिशेब असा पडतो: दाबलेला मुरूम ९० घनमीटर, म्हणजे ३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सैल मापात जवळपास ४० ब्रास मागवावा लागतो. उपस्तर ३० घनमीटर. काँक्रीट १५ सेंटीमीटर जाडीनं ४५ घनमीटर. घनमीटरला ३६० किलो सिमेंट धरलं तर ३२४ पोती. साईडपट्टीचा मुरूम वेगळा. अंदाजपत्रकातून आधी उडते ती हीच बाब, आणि भेग पडते तीही तिच्याच अभावी.

इतका पैसा नसेल तर मळ्याच्या रस्त्याला पहिल्या टप्प्यात काँक्रीट नकोच. नीट दाबलेला मुरूम-खडीचा रस्ता, साडेतीन ते चार टक्के ढाळ आणि दोन्ही बाजूंना चर. एक पावसाळा त्याला बसू द्यावं. कच्च्या काळ्या मातीवर घाईनं ओतलेल्या १५ सेंटीमीटरपेक्षा हे केव्हाही बरं.

जमिनीखालचं

जल जीवन मिशनची वाहिनी, घरोघरच्या जोडण्या, आणि या पट्ट्यात खास म्हणजे शेतकऱ्यांच्या खाजगी पाइपलाइनी. नदीवरून किंवा विहिरीवरून किलोमीटर-दोन किलोमीटर नेलेल्या, रस्ता कुठे ओलांडतात ते फक्त मालकाला माहीत. रोलर फिरला की एखादी फुटते आणि मग काम आठवडाभर बंद.

म्हणून काम सुरू करण्याआधी दवंडी द्यायची किंवा ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकायचं: ज्याची लाइन रस्त्याखालून आहे त्यानं येऊन खुंटी ठोकावी. गावठाणात समोरासमोरच्या घरांमध्ये दर ३० मीटरला ११० मिलिमीटरचा रिकामा पाइप आडवा पुरून ठेवावा, दोन्ही तोंडं झाकून, भिंतीवर रंगाची खूण करून. मळ्याच्या रस्त्याला ठरावीक ठिकाणी ३०० मिलिमीटरचा सिमेंट पाइप. नवी लाइन त्यातूनच जाईल. खर्च एकूण कामाच्या मानानं किरकोळ आहे, तरी कुणी धरत नाही, कारण उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही.

काम चालू असताना

काँक्रीटला पाणी किती, यावर अर्धा निकाल लागतो. पाणी आणि सिमेंटच्या वजनाचं प्रमाण ०.४५ धरलं तर ५० किलोच्या एका पोत्याला साडेबावीस लिटर. मिक्सरवाल्यानं माल सरसर पसरावा म्हणून पाच लिटर वाढवले की प्रमाण ०.५५ वर जातं आणि एम ३० चं स्वप्न तिथेच संपतं. काँक्रीट किती पातळ आहे ते मोजणारा स्लम्प कोन जागेवर ठेवावा. त्यातलं काँक्रीट २५ ते ५० मिलिमीटर खचावं, त्याच्या वर गेलेली खेप परत. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी या साडेबावीसातूनच वजा होतं.

सांधे ३ मीटरवर, म्हणजे ३ मीटर रुंद गल्लीत चौकोन पडतात. कटरनं खोली ४० ते ५० मिलिमीटर. उशीर झाला तर काँक्रीट आपला सांधा आपणच पाडून घेतं, वाकडा. मेच्या उन्हात सकाळी ओतलेलं त्याच दिवशी संध्याकाळी कापावं लागतं. कटर दुसऱ्या गावाला गेला आहे ही सबब चालू देऊ नये. चेंबरच्या चौकोनी कोपऱ्यातून भेग निघतेच. तिथे चेंबरभोवती फळी लावून काँक्रीट वेगळं ठेवावं.

पाणी मारण्यासाठी ५ सेंटीमीटरची आळी केली तर १०० मीटरला एका भरतीला १५ हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात एवढं पाणी कुणी देत नाही. ओलं गोणपाट अंथरून दिवसातून तीनदा भिजवणं जमतं, किमान १४ दिवस. ट्रॅक्टर २८ दिवसांनी.

या सगळ्यामुळे कामाचा हंगामही मानकात लिहावा लागतो. द्राक्षकाढणी जानेवारी ते एप्रिल, उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत. या काळात रस्ता महिनाभर बंद ठेवा असं कुणी म्हणू शकत नाही, आणि दडपणाखाली सातव्या दिवशीच ट्रॉली जाते. उरतात नोव्हेंबर आणि डिसेंबर. हवा थंड, विहिरींना पाणी. मार्च अखेरीस निधी खर्ची टाकायच्या धावपळीत होणारी कामं नेमकी सर्वांत वाईट महिन्यांत पडतात.

ठरावाचा मसुदा

पाहणी पावसाळ्यातच करावी, पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठराव. भाषा साधी आणि मोजता येईल अशी: ‘गावातील सर्व रस्ते सोबतच्या नकाशाप्रमाणे चार वर्गांत विभागण्यात येत आहेत. नमुना २३ मधील रुंदी मोजमापाप्रमाणे दुरुस्त करण्यात यावी. कोणत्याही रस्त्याचा माथा नोंदलेल्या पातळीपेक्षा उंच करता येणार नाही. आडवे पाइप टाकल्याशिवाय पृष्ठभागाचे काम सुरू होणार नाही. रस्ता खोदण्यापूर्वी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी व अनामत आवश्यक राहील. गतिरोधक ग्रामपंचायतीच्या ठरावाशिवाय कोणीही करू नये.’

गतिरोधकाचं कलम मुद्दाम. पोरं खेळतात म्हणून लोक घरासमोर वीतभर रुंदीचा काँक्रीटचा उंचवटा घालतात. त्यावर दुचाकी आदळते आणि मागे पाणी तुंबतं. आयआरसी:९९ मधला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, गाड्या ताशी २५ किलोमीटरवर आणण्यासाठी. राहत्या गल्लीत एवढा बसतही नाही. तिथे कोपऱ्यावरचं वळण आणि ब्लॉकचा खडबडीत पृष्ठभाग हेच वेग आवरतात.

ठेकेदाराची अनामत परत देण्याआधी दोन पाहण्या ठरावातच घालाव्यात. पहिली पहिल्या मोठ्या पावसात, पाणी वाहत असताना: कुठे साचतं, कुणाच्या दारात जातं, गटारीचं तोंड वाहतं का. दुसरी त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, काळी पूर्ण सुकल्यावर. मळ्याच्या रस्त्यावर साईडपट्टीवरून चालत जाऊन काँक्रीटच्या कडेखाली सळई घालून बघायची. ती सहज आत गेली तर मुरूम धुपला आहे किंवा माती आक्रसली आहे. अशा जागा चुन्यानं खुणावून, पावसाआधी ओला मुरूम ठासून भरून घ्यायचा आणि मगच पैसे सोडायचे.